निर्यातीसाठी तोकडी केलेली चावी

दारव्ह्याकडच्या एका गावात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना डाउनलोडच्या पानावर सूचना आली: यात एन्क्रिप्शन आहे, आपल्या देशाचे आयात-निर्यात कायदे पाहा. बारावीतल्या मुलीने हात मागे घेतला. "सर, हे डाउनलोड केलं तं काही लफडं तं नाही होत ना?"

काही होत नाही. पण ती सूचना उगाच आलेली नाही. एन्क्रिप्शन म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर गुप्त करणं; ही चावी म्हणजे एक लांबलचक आकडा.

१९९०च्या दशकात भक्कम एन्क्रिप्शन अमेरिकी कायद्यात दारूगोळ्याच्या यादीत मोडायचं. फिल झिमरमन यांचं पीजीपी हे ईमेल गुप्त करणारं सॉफ्टवेअर १९९१ साली इंटरनेटवरून देशाबाहेर गेलं आणि त्यांच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला. तो थांबला १९९६ मध्ये. तोवर एमआयटी प्रेसने पीजीपीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, पुस्तकात छापूनही टाकला होता; छापील पुस्तकाला आडकाठी नव्हती.

या निर्बंधांमुळे ब्राउझरच्या परदेशी आवृत्तीची तऱ्हा तर बघण्यासारखी होती. चावी १२८ बिटांचीच (बिट म्हणजे ० किंवा १) बनायची, पण त्यातले ८८ बिट उघड पाठवले जायचे. गुप्त राहायचे फक्त ४०. एक बिट उघडा पडला की शक्य चाव्या निम्म्या होतात. ८८ वेळा निम्म्या केल्यावर उरतो २ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी. सेकंदाला १० लाख चाव्या लावून बघणारं यंत्र त्या तेरा दिवसांत संपवतं. १९९५ मध्ये फ्रान्सच्या दामियां दोलिगेझ यांनी संस्थेतले रिकामे संगणक जुंपून आठ दिवसांत अशी चावी शोधलीही. पूर्ण १२८ बिट गुप्त असले, तर सेकंदाला १ लाख कोटी चाव्या तपासूनही विश्वाच्या वयाच्या ७० कोटी पटींहून जास्त काळ लागेल. म्हणून 'मिलिटरी ग्रेड' सुरक्षेच्या जाहिरातीला भुलून ॲपवर पैसे घालवू नका; त्यातली एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत फुकटच्या ब्राउझरमध्येही असते.

निर्बंध सैल झाले, तरी कमकुवत चाव्यांची सोय सॉफ्टवेअरमध्ये पडून राहिली. २०१५ मध्ये 'फ्रीक' हल्ला उघड झाला: मधला हल्लेखोर ब्राउझर आणि वेबसाइट दोघांनाही ५१२ बिटांच्या जुन्या, कमकुवत निर्यातछाप चावीवर (आरएसए या पद्धतीच्या) उतरवू शकत होता. असुरक्षित ठरलेल्यांत खुद्द एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची वेबसाइटही होती.

२००० पासून अमेरिकेने जाहीर उपलब्ध सोर्स कोडला मोठी सूट दिली आहे. अडचण उरली ती क्युबा, उत्तर कोरियासारख्या निर्बंध लादलेल्या देशांची. भारत त्यांत नाही. उलट डिसेंबर २०१७ पासून निर्यात-नियंत्रणाच्या वासेनार गटाचा सदस्य आहे, आणि त्या गटाचे नियमही सर्वांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरला लागू होत नाहीत.