अँबॅसेडरचे मिणमिणते दिवे: दोन व्होल्ट जातात कुठे?

जुन्या अँबॅसेडरचे हेडलाइट पिवळट पडले की पहिला संशय बल्बवर जातो. नवा बल्ब आणला, तोही तसाच मिणमिणतो. मग बॅटरी बदलायची गोष्ट निघते. बहुतेक वेळा या दोघांचाही दोष नसतो. दोष असतो मधल्या वाटेवर, एखाद्या काळवंडलेल्या जोडावर.

थोडा हिशेब करू. एच-फोर हॅलोजन बल्बचा डिपर, म्हणजे जवळचा खालचा झोत, 55 वॅटचा. दोन दिव्यांचे 110 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर करंट. वाटेतल्या गंजक्या जोडांचा रोध सगळा मिळून फक्त 0.2 ओहम धरला, तरी जवळजवळ 1.8 व्होल्ट तिथेच खर्च होतात. बल्बला उरतात दहाच्या आसपास. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो: व्होल्टेज 15 टक्के घटलं की उजेड 40 टक्क्यांहून जास्त जातो. आणि हरवलेली ती सोळा वॅट ऊर्जा त्या जोडात उष्णता होऊन बसते. दिवे थोडा वेळ चालू ठेवून होल्डर आणि स्विचच्या टोकांना जपून बोट लावून पाहा. जे टोक गरम लागेल तिथे गडबड आहे.

ही गाडी मॉरिस ऑक्सफर्डवरून आली आणि 2014 पर्यंत उत्तरपाड्यात बनत राहिली. जुन्या मॉडेलांत डिपरचं बटण क्लचच्या डावीकडे, जमिनीवर, पायाने दाबायचं. पावसाळ्यात बुटांचा चिखल वरून, रस्त्याचं पाणी खालून. दोन्ही दिव्यांचा सगळा करंट या एका बटणातून जातो, म्हणून शोध इथूनच सुरू करावा.

दुसरी जागा अर्थिंगची. दिव्याची काळी वायर बॉडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. डेंटिंग-पेंटिंग करताना त्या बोल्टखाली रंग जातो किंवा गंज धरतो आणि परतीची वाट अडते. याची एक फार बोलकी खूण आहे. एका दिव्याचा अर्थ तुटला की डिपरचा करंट त्याच बल्बच्या अप्पर, म्हणजे लांबच्या झोताच्या, फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि दुसऱ्या दिव्यामार्गे बाहेर पडतो. डिपर लावलेला असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा छोटा दिवा मंद उजळला, तर आधी अर्थ तपासा.

तपासायचं कसं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मल्टिमीटरचा बझर वाजला म्हणजे वायर चांगली, असं समजून बरेच जण पुढे जातात. बझर काही मिलिअँपिअरवर वाजतो. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल तरी तो वाजेल, पण त्या एका तारेतून दिव्याचा करंट नीट जाणार नाही. म्हणून वायर दिवे चालू असतानाच मोजायची. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं बल्बच्या डिपरच्या पिनला. दिसणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दोनच्या आसपास असेल तर दुसरं टोक मागे मागे, डिपर बटणाकडे, मग मेन स्विचकडे न्या. आकडा जिथे एकदम पडेल, त्याच टप्प्यात दोष. अर्थसाठी बॅटरीचं मायनस आणि दिव्याची काळी वायर, तिथे 0.2 च्या वर आकडा नको.

जोड सापडला की पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा.

उजेड कमी म्हणून 100/90 वॅटचे (अप्पर 100, डिपर 90) बल्ब बसवणं मला मुळीच पटत नाही. करंट 15 अँपिअरवर जातो आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. त्या काळच्या ब्रिटिश धाटणीच्या वायरिंगमध्ये हेडलाइटच्या वाटेवर अनेकदा फ्यूजही नसे. त्यापेक्षा फ्यूजसकट रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवा: बॅटरीचा प्लस जाड वायरने 30 नंबरच्या टोकाला, 87 मधून दिव्याला. डिपर आणि अप्परला वेगवेगळा रिले. जुन्या बटणावर मग फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ भार उरतो. नंतर अर्थची मोजणी पुन्हा करा. ती बाजू खराबच राहिली असेल, तर करंट वाढल्यामुळे तिथला आकडा आता आधीपेक्षा मोठा दिसेल.