अनैतिहासिक

अनैतिहासिक : ऐतिहासिक संदर्भ व कालानुसार होणारा बदल लक्षात न घेणारे विधान, दृष्टिकोन वा पद्धती यांना लावले जाणारे विशेषण. ‘इतिहासात न घडलेले’ हा त्याचा दुसरा व अधिक रुळलेला अर्थ. पहिल्या अर्थी ‘इतिहासनिरपेक्ष’ हा शब्दही योजतात.

‘इतिहास’ या शब्दाची फोड परंपरेने ‘इति ह आस’ (असे खरोखर होते) अशी करतात. छांदोग्य उपनिषदात ‘इतिहासपुराण’ हा पाचवा वेद म्हटला आहे. ‘ऐतिहासिक’ हे रूप यास्काच्या निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथात (सामान्यतः इ. स. पू. ५ व्या शतकाच्या आसपासचे मानले जाते, काही अभ्यासक ते आणखी मागे नेतात) आढळते, पण तेथे ते वेदार्थ लावणाऱ्या एका पक्षाचे नाव आहे. इंद्राने मारलेला वृत्र म्हणजे कोण, या प्रश्नावर नैरुक्त (व्युत्पत्तीवरून अर्थ लावणारे) ‘मेघ’ असे उत्तर देतात, तर ऐतिहासिक त्याला त्वष्ट्याचा पुत्र असलेला असुर मानतात. आज ‘अनैतिहासिक’ ठरेल असा अर्थ त्या काळी ऐतिहासिकांचाच होता, ही गंमत नोंदण्याजोगी आहे.

‘इतिहास’ला ‘इक’ प्रत्यय लागताना आद्य स्वराची वृद्धी (‘इ’चा ‘ऐ’, ‘अ’चा ‘आ’ असा बदल) होऊन ‘ऐतिहासिक’ होते. नकारवाचक ‘अ’ स्वरापूर्वी ‘अन्’ होत असल्याने ‘अऐतिहासिक’ हे रूप संभवत नाही. नकार आधी आणि प्रत्यय नंतर, म्हणजे ‘अनितिहास’ + ‘इक’, असाही विग्रह सुचू शकेल. पण मग वृद्धी पहिल्या ‘अ’ची होऊन ‘आनितिहासिक’ असे रूप मिळाले असते. तेव्हा येथे नकार ‘इतिहासा’चा नसून ‘ऐतिहासिका’चा आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘ऐतिहासिक’ म्हणजे प्रत्यक्ष घडलेले, तसेच इतिहासाच्या अंगाने विचार करणारे. हे दुहेरीपण नकारातही उतरले. इंग्रजीत हे काम बव्हंशी ‘अनहिस्टॉरिकल’ आणि तुलनेने अलीकडचा, ग्रीक नकारार्थी उपसर्ग लागलेला ‘अहिस्टॉरिकल’ या दोन शब्दांत वाटले गेले आहे. मराठीत ते एकाच शब्दावर पडते आणि वादात दोन्ही पक्ष वेगवेगळ्या अर्थांनी तो वापरत राहतात.

हे विशेषण बहुधा दोष दाखवण्यासाठी येते. मार्क्सने १८४७ मध्ये अर्थशास्त्रज्ञांवर घेतलेला आक्षेप या जातीचा आहे : भांडवली संबंधांना ते निसर्गनियम समजतात, जणू इतिहास पूर्वी होता आणि आता संपला. उलट जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८७४ च्या निबंधात अनैतिहासिकतेची बाजू घेतली. कळपातील गुरे क्षणात जगतात. माणसाला व संस्कृतीला निरोगी राहण्यासाठी स्मरणाइतकेच विस्मरणही लागते, असे त्याचे म्हणणे. भाषावैज्ञानिक सोस्यूरने भाषेच्या एककालिक (एका विशिष्ट वेळच्या स्थितीच्या) अभ्यासासाठी बुद्धिबळाचा दृष्टांत दिला (१९१६ मध्ये मरणोत्तर प्रकाशित) : डाव अर्ध्यावर पाहायला आलेल्यालाही आधीच्या चाली न कळता पटावरची स्थिती समजते. येथे इतिहास जाणूनबुजून बाजूला ठेवलेला असतो. म्हणून अशा पद्धतीला ‘इतिहासनिरपेक्ष’ म्हणणे सयुक्तिक.

भारतीय समाजमनच अनैतिहासिक आहे, हे मत स्वतंत्र वादाचा विषय झाले. घटनांच्या कालक्रमाकडे हिंदू फारसे लक्ष देत नाहीत, असे मध्य आशियातील विद्वान अल्-बिरूनीने इ. स. १०३० च्या सुमारास लिहिले. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने तेच तात्त्विक पातळीवर नेले. कल्हणाची राजतरंगिणी (काश्मीरच्या राजांचा इतिहास, १२ वे शतक) हा अपवाद म्हणून सांगितला जाई. इतिहासकार रोमिला थापर यांनी मात्र वंशावळी, चरिते व इतिहासपुराण परंपरेत वेगळ्या घाटाची इतिहासजाणीव असल्याचे प्रतिपादन केले. हे मत आज अधिक विचारात घेतले जाते.

‘प्रागैतिहासिक’ (लेखनपूर्व काळातील) हा शब्द केवळ कालवाचक असून त्याचा येथे संबंध नाही. कालविपर्यासही वेगळा : प्राचीन रोमवरील नाटकात टोल्यांचे घड्याळ वाजणे हा कालविपर्यास, त्या रोमन पात्रांचा राष्ट्रवाद आजच्यासारखाच मानून चालणे ही अनैतिहासिकता.