एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड (दूरचित्रवाणी मालिका)

लग्न झालेला मुलगा आणि रस्त्याच्या पलीकडच्या घरात त्याचे आईवडील, एवढ्याच मांडणीवर चाललेली अमेरिकी कौटुंबिक विनोदी मालिका. सीबीएस वाहिनीवर १३ सप्टेंबर १९९६ ते १६ मे २००५ या काळात तिचे २१० भाग दाखवले गेले. मालिकेचे जनक फिलिप रोझेंथल. प्रमुख नट रे रोमानो यांच्या संसारातलेही पुष्कळ काही तिच्यात उतरले आहे.

रे बरोन हा न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहणारा क्रीडा पत्रकार. घरात बायको डेब्रा, एक मुलगी आणि जुळे मुलगे. समोर वडील फ्रँक, आई मरी आणि पोलिसात नोकरी करणारा थोरला भाऊ रॉबर्ट. समोरची मंडळी न विचारता आत येतात, आणि मरी तर थेट स्वयंपाकघर गाठते.

पहिल्याच भागात रे आईवडिलांना दरमहा घरपोच फळे येतील अशी भेट देतो. पेअरची पेटी पाहून मरी हवालदिल होते. एवढी फळे खाणार कोण, ठेवायची कुठे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येणार! हा प्रसंग रोझेंथल यांच्या स्वतःच्या घरी घडलेला. दुसऱ्या एका भागात डेब्रा सासूकडून मीटबॉल शिकते, पण मरीने दिलेल्या मसाल्याच्या बरणीवरची चिठ्ठीच खोटी निघते. मालिकेचे मोठेपण या बरणीत आहे. सासू दुष्ट नाही. लेकाला आपल्या हातचे जेवण लागेनासे होईल, ही तिची धास्ती खरी आहे. मरीच्या भूमिकेसाठी डोरिस रॉबर्ट्स यांना चार एमी पुरस्कार मिळाले, ते योग्यच होते.

सोलापूरच्या प्रेक्षकाला यातले बरेचसे ओळखीचे वाटते. शहराच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या घरांत माग आणि संसार एकाच छपराखाली नांदत आले. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी अंगण, नळ आणि जिना पुष्कळदा एकच राहतो. तिथे रस्ता ओलांडायचीही गरज नाही. शेंगाचटणीत लसूण कमी पडला, हे जिन्यातूनच सांगता येते.

मात्र एक फरक मूळचाच आहे. डेब्रा कनेक्टिकटमधल्या सुखवस्तू घरातून आलेली. बरोन मंडळींच्या चालीरीती तिला परक्या, आणि निम्मा विनोद या परकेपणातूनच निघतो. सोलापूर भागात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जुनी आहे. महाराष्ट्रातल्या या चालीचा विचार इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात केला आहे. तेलुगू आणि कन्नड भाषकांत तर सख्ख्या बहिणीची मुलगीही करून घेतात. मामाच्या मुलीशी लग्न झाले, की सून सासूची भाची असते आणि तिला लहानपणापासून आत्या म्हणत आलेली असते. अशा आत्याने पातेल्यावरचे झाकण काढून आमटीत मीठ टाकले, तर तक्रार न्यायची कुठे? माहेर म्हणजे आत्याच्याच भावाचे घर.

मालिकेची रूपांतरे अनेक देशांत झाली. रशियातले ‘वोरोनिनी’ २००९मध्ये सुरू झाले. हिंदीत २०१५ साली स्टार प्लसवर ‘सुमित संभाल लेगा’ आली. तिच्यात घर दिल्लीचे आणि कुटुंब पंजाबी असले, तरी आईचे काम मराठी रंगभूमीवर नावाजलेल्या भारती आचरेकर यांनी केले. गायिका माणिक वर्मा यांच्या त्या कन्या. हेच कथानक सोलापुरात आणायचे, तर मधला रस्ता काढून टाकावा लागेल आणि सुनेला भाची करावे लागेल. मग मूळ मालिकेत अधूनमधून डोकावणाऱ्या डेब्राच्या आईवडिलांचे काम कितीतरी वाढेल, कारण तिचे वडील आणि सासू हे आधी बहीणभाऊ, व्याही नंतर.