पहिला छोटा सॅटेलाइट सोडायचाय? मग फ्रिक्वेन्सीचा अर्ज सगळ्यात आधी

नवीन टीम बहुतेक वेळा आधी हार्डवेअर बनवायला घेते आणि परवानग्यांचं नंतर बघू म्हणते. माझं कळकळीचं सांगणं आहे की क्रम उलटा करा, सॅटेलाइट तयार होऊन रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठी अडकला तर काहीच करता येत नाही.

पात्रता म्हणाल तर कॉलेज, कंपनी कुणीही चालतं, पण १९६७ च्या अवकाश करारानुसार तुमच्या सॅटेलाइटची जबाबदारी तुमच्या देशावर येते, त्यामुळे सरकारची परवानगी हवीच. आयटीयू, म्हणजे जगभरातल्या रेडिओ फ्रिक्वेन्सींचा ताळमेळ बघणारी युएनची संस्था, तिच्याकडे तुम्हाला थेट अर्ज करता येत नाही, तो तुमच्या देशाचं स्पेक्ट्रम सांभाळणारं खातं करतं. त्यांना द्यायची माहिती म्हणजे कक्षेची उंची आणि विषुववृत्ताशी तिचा कल, फ्रिक्वेन्सी, बँडविड्थ, पॉवर, अँटेना, ग्राउंड स्टेशन कुठे आहे ते, आणि जमिनीवरून कमांड देऊन ट्रान्समीटर बंद करता येतो हे दाखवायचं. आयटीयूने ते प्रसिद्ध केलं की बाकीच्या देशांना हरकती घ्यायला ४ महिने मिळतात, म्हणून शेवटच्या क्षणी घाई करून उपयोग नाही. हॅम बँड, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सी, वापरायचा असेल, म्हणजे ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ वगैरे, तर आयएआरयू या हौशी रेडिओवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे वेगळा अर्ज लागतो आणि त्या बँडवर धंदा करता येत नाही.

लाँचला पैसे नसतील तर युएन आणि जपानची अवकाश संस्था जाक्सा यांची किबोक्यूब योजना बघाच, विकसनशील देशांतल्या शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. १ युनिटचा क्यूबसॅट, म्हणजे १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळ्यासारखा छोटा सॅटेलाइट, स्पेस स्टेशनवरून सोडून देतात, बनवायचा आणि टेस्टिंगचा खर्च मात्र आपला. केनियाचा पहिला सॅटेलाइट २०१८ ला असाच गेला. या योजनेत सेफ्टीचे कागद फार बारकाईने बघतात, बॅटरीच्या टेस्ट, व्हायब्रेशनचा रिपोर्ट, आणि बाहेर पडल्यावर निदान अर्धा तास अँटेना उघडणार नाही की रेडिओ चालू होणार नाही हे सिद्ध करावं लागतं.

परवानगीशिवाय सोडला तर? जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या स्वार्म कंपनीने ४ चिमुकले सॅटेलाइट सोडले, इतके लहान ट्रॅक कसे होणार म्हणून एफसीसीने, म्हणजे तिथल्या फ्रिक्वेन्सीची परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, आधीच नाही म्हटलं होतं, तरी सोडले, आणि ९ लाख डॉलर भरावे लागले.

कक्षेत पोचल्यावर युएनकडे नोंदणी राहते, तीही देशामार्फतच, लाँचची तारीख, ठिकाण, कक्षा आणि सॅटेलाइटचं काम एवढं लिहून द्यायचं.