दुनळी ठासणीची रायफल : बाराची जुळणी

शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन आटेदार (आतून पिळाच्या चऱ्या असलेल्या) नळ्यांच्या, तोंडाकडून भरायच्या रायफलीसाठी योग्य बार ठरवण्याची पद्धत. बार म्हणजे एका वेळी नळीत जाणारा सगळा ऐवज : काळी दारू, शिशाची गोळी आणि गोळीभोवतीची वंगण लावलेली कापडी चिंधी. एकनळी रायफलीत बार कमीजास्त केला की गोळी थोडी वर किंवा खाली लागते आणि माशी-खाच, म्हणजे नेम धरायच्या खुणा, सरकवून काम भागते. दुनळीत मात्र बार बदलला की दोन्ही नळ्यांचा एकमेकींशी असलेला मेळच बदलतो. म्हणून इथे दारूचे माप हा जोर वाढवण्या-कमी करण्याचा प्रश्न नसतो. कारागिराने नळ्या जोडताना जो बार मनात धरला होता तो पुन्हा शोधून काढणे, हेच या जुळणीचे खरे काम.

दोन नळ्या वरवर समांतर दिसल्या तरी त्या तोंडाकडे किंचित एकमेकींकडे झुकवलेल्या असतात. कारण धक्क्यात आहे. उजवी नळी बंदुकीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे असते, त्यामुळे तिचा बार पेटला की धक्का सरळ मागे न जाता बंदुकीला वर आणि उजवीकडे वळवतो. डावी नळी तसेच डावीकडे वळवते. हे वळणे गोळी बाहेर पडल्यावर सुरू होत नाही, गोळी नळीत असतानाच सुरू होते. गोळी नळीत जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद असते, पण तेवढ्यात नळीचे तोंड जरा सरकते आणि ते जरासे सरकणे पुरेसे असते. ७०० मिलिमीटर लांबीच्या नळीचे तोंड एक दशांश मिलिमीटर हलले, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर बाजूला पडते. नळ्या खरोखर समांतर ठेवल्या असत्या तर उजवीची गोळी उजवीकडे आणि डावीची डावीकडे फाकत गेली असती. आतला झुकाव हे फाकणे भरून काढतो.

हा झुकाव हिशोबाने काढला जात नसे, गोळ्या झाडून काढला जाई. कारागीर दोन नळ्यांच्या तोंडांमध्ये पाचर बसवी, तात्पुरता डाख देई, ठरलेला बार भरून लक्ष्यावर गोळ्या सोडी आणि छिद्रे पाही. मग डाख वितळवून पाचर किंचित आत किंवा बाहेर करी आणि पुन्हा झाडून पाही. दोन्ही नळ्यांची छिद्रे एकत्र आली की वरची व खालची पट्टी कायमची डाखली जाई. चांगल्या दुनळीची किंमत एकनळीच्या कितीतरी पट असे, त्यात या कष्टाचा वाटा मोठा होता. त्या कष्टाचे फळ मात्र एकाच बाराला बांधलेले असे. जुन्या इंग्रजी दुनळींच्या पेटीत कधीकधी दारूचे माप ड्रॅममध्ये लिहिलेला कागद चिकटवलेला सापडतो. एक ड्रॅम म्हणजे २७.३४ ग्रेन आणि एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. असा कागद शाबूत असेल तर निम्मे काम झालेले असते. बहुतेकदा तो नसतो.

ठासणीच्या दुनळीचा भर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे एकस्व घेतले, पुढे तोच मसाला भरलेली, घोड्याच्या आघाताने बार पेटवणारी तांब्याची छोटी टोपी आली आणि चकमकीचा विलंब गेला. चाप ओढणे आणि बार उडणे यांतला वेळ कमी झाल्याने अचूक दुनळी रायफल बनवण्यात अर्थ उरला. १८५० च्या दशकात लंडनच्या पर्डी यांनी हलकी गोळी आणि दारूचे मोठे माप घेणाऱ्या दुनळींना ‘एक्स्प्रेस ट्रेन’ असे नाव दिले. शिकारी रायफलींसाठीचा ‘एक्स्प्रेस’ हा शब्द तिथून रुळला. त्यानंतरच्या दशकात जेम्स फोर्साइथ या दुसऱ्याच फोर्साइथने वेगळी बाजू मांडली. सातपुड्याच्या जंगलांत वावरलेल्या या लष्करी अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, आट्यांचा पीळ घट्ट असेल तर दारू वाढवताच गोल गोळी आटे सोडून घसरते. म्हणून त्याने सुमारे १०४ इंचांत एक वेढा, असा अगदी सैल पीळ, गोल गोळी आणि भरपूर दारू यांचा पुरस्कार केला. जुळणीच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोलाचा आहे. पीळ जितका सैल, तितकी दारूचे माप बदलण्याची मोकळीक जास्त. घट्ट पिळाच्या दुनळीत गोळी घसरण्याची मर्यादा आधी येते आणि मेळाचे माप त्याच्या पलीकडेच राहून जाऊ शकते.

काडतुसे आल्यावर बार कारखान्यात ठरू लागला. ठासणीच्या दुनळीत तो आजही भरणाऱ्याच्या हातात आहे. इटलीत पेडरसोली यांनी बनवलेल्या नव्या दुनळींनाही हेच लागू होते : कारखान्यातून आलेली बंदूक कोणत्या बाराला जुळते, हे ती झाडल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत एकीखाली एक नळी असलेल्या आणि हाताने फिरवायच्या रायफलीही बनत. त्यांत प्रत्येक नळीला स्वतःची माशी-खाच असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी. जुनी बंदूक असेल तर जाणत्या बंदूक-कारागिराकडून नळ्या, बुडाचे आटे, डाख आणि घोड्यांची पकड तपासून घेतल्याशिवाय पहिली गोळीही झाडू नये. सुटलेल्या पट्टीची दुनळी कोणत्याही बाराला जुळत नाही. नळ्यांत फक्त काळी दारू भरायची. आधुनिक धूरविरहित दारूचा चिमूटभर वापरही नळी फोडू शकतो. निर्मात्याने दिलेले कमाल माप ही ओलांडायची रेषा नव्हे, मेळ त्याच्या पलीकडे आहे असे वाटले तरीही. दोन्ही नळ्यांचा आतला व्यास स्वतंत्रपणे मोजावा. जुन्या हातघडणीच्या दुनळीत दोन नळ्या तंतोतंत सारख्या असतीलच असे नाही. एका नळीत गोळी सहज जाते आणि दुसरीत ठोकावी लागते, असे दिसले तर आधी चिंधीची जाडी जुळवावी, दारूला हात नंतर लावावा.

गोळी शुद्ध, मऊ शिशाची आणि नळीच्या व्यासापेक्षा इंचाच्या पाच ते दहा हजारांश इतकी लहान घेतात. उरलेली जागा चिंधी भरते. ०.५३० इंच व्यासाची अशी गोळी सुमारे २२४ ग्रेन, म्हणजे साडेचौदा ग्रॅम भरते. ओतलेल्या गोळ्या तोलून पाहाव्यात, हलकी भरलेली गोळी आत पोकळ असते. दारूचा दाणा जितका बारीक तितकी ती झपाट्याने जळते. मोठ्या नळ्यांना जाड दाणा आणि लहानांना बारीक, अशी रीत आहे. जुळणी चालू असताना दाण्याची जात बदलू नये, कारण दारूचे माप तेच असले तरी दाणा बदलला की तो नवा बार होतो.

सुरुवातीच्या मापासाठी एक जुना ठोकताळा आहे : नळीचा व्यास इंचाच्या जितक्या शंभरांश, तितके ग्रेन दारू. म्हणजे ०.५४ इंचाच्या नळीला ५४ ग्रेन. हे माप सौम्य असते आणि म्हणूनच सुरुवातीला चांगले. तिथून पाच-पाच ग्रेनने वर जावे. दारू साठवणीच्या शिंगड्यातून थेट नळीत कधीही ओतू नये. आधीच्या बाराचा निखारा आत उरला असेल तर सगळे शिंगडे हातात पेटते. वेगळ्या मापट्यात घ्यावी आणि तिथून नळीत.

झाडण्याची रीत बाराइतकीच महत्त्वाची, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. बंदूक टेबलावर वाळूच्या पिशव्यांत घट्ट रोवून झाडली, तर ती जशी उसळायला हवी तशी उसळत नाही आणि मिळालेला मेळ उभ्याने झाडताना टिकत नाही. डावा हात पुढच्या लाकडाखाली ठेवून हाताची पाठ पिशवीवर टेकवावी. नळ्या कशालाही टेकू देऊ नयेत. बहुतेक दुनळींत पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा असतो. बोट एका चापावरून दुसऱ्यावर नेताना मुठीची पकड बदलते, म्हणून ही हालचालही चाचणीचा भाग धरावी.

जोडीने झाडायचे : उजवी, लगेच डावी, मग थांबायचे. दुनळी प्रत्यक्ष वापरात अशीच चालते. तिच्या दोन्ही गोळ्या स्वच्छ नळीतून सुटतात आणि दुसरी नळी फक्त शेजारणीच्या उष्णतेने किंचित तापलेली असते. सलग दहा गोळ्या उजवीतून आणि मग दहा डावीतून झाडल्या, तर एक तापलेली व काजळलेली नळी दुसऱ्या थंड नळीशी ताडून पाहिल्यासारखे होते. डाखलेल्या नळ्यांत एकीचे तापून लांब होणे दुसरीलाही वाकवते. प्रत्येक जोडीनंतर ओलसर, मग कोरडी चिंधी दोन्हींतून फिरवावी आणि नळ्या हाताला गार लागेपर्यंत वाट पाहावी. एका मापाच्या पाच जोड्या झाडायला सहज तासभर लागतो. तो द्यावाच लागतो.

लक्ष्यावर उजव्या आणि डाव्या नळीची छिद्रे वेगळ्या खुणांनी नोंदवावीत आणि प्रत्येक नळीच्या छिद्रांचा मध्य काढावा. दोन मध्यांमधले आडवे अंतर हीच जुळणीची मोजपट्टी. एकेका नळीची छिद्रेच विखुरलेली असतील तर मेळाचा विचार करायची वेळ आलेली नाही. आधी चिंधी, वंगण आणि ठासण्यातला सारखेपणा पाहावा. जळालेली किंवा फाटलेली चिंधी जमिनीवर सापडली तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी आहे, असे समजावे.

दोन्ही गुच्छ घट्ट पण एकमेकांपासून दूर पडत असतील, तर बाजू पाहावी. उजवीची छिद्रे उजवीकडे आणि डावीची डावीकडे पडली, तर गोळी नळीत जास्त वेळ राहते आहे आणि झुकाव पुरत नाही. दारू थोडी वाढवावी किंवा हलकी गोळी घ्यावी. छिद्रे ओलांडली, म्हणजे उजवीची डावीकडे गेली, तर गोळी फार लवकर बाहेर पडते आहे. दारू कमी करावी किंवा जड गोळी घ्यावी. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि धक्काही जास्त देते, म्हणून तिचा परिणाम दारूपेक्षा ठळक असतो. हा नियम सामान्यपणे खरा ठरतो, पण शेवटचा शब्द लक्ष्याचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य मोडले की लक्ष्य काय सांगते आहे ते वाचता येत नाही.

मेळ ५० मीटरवर साधला तरी लांबच्या अंतरावर पुन्हा पाहावा. गोळ्या एका बिंदूत मिळून पुढे एकमेकींना ओलांडत असतील तर त्या बिंदूच्या दुप्पट अंतरावर त्या नळ्यांच्या तोंडांशी होत्या तितक्याच फाकलेल्या दिसतील. उत्तम दुनळीत त्या नळ्यांच्या मध्यांतले अंतर राखून जवळजवळ समांतर जातात, आणि दुनळीकडून याहून अधिक मागू नये.

उभा फरक हे वेगळे दुखणे आहे. एक नळी सतत वर मारत असेल तर नळ्या एका पातळीत बसलेल्या नाहीत आणि बाराने तो दोष निघत नाही. काही जण अशा वेळी दोन नळ्यांना दारूची वेगवेगळी मापे देतात. लक्ष्यावर ते जमते, पण घाईत मापांची अदलाबदल होणे अटळ आहे. अशी दुनळी कारागिराकडे नेऊन पुन्हा डाखून घेणेच योग्य.

दुनळीचे खास धोके. एक नळी झाडून पुन्हा भरायची असेल, तर दुसऱ्या भरलेल्या नळीची टोपी आधी काढावी. तोंडाशी वाकून गज ठासत असताना शेजारची नळी पेटलेली असण्याइतकी भयंकर गोष्ट दुसरी नाही. दुसरा धोका दिसत नाही : पहिल्या नळीच्या धक्क्याने दुसऱ्या नळीतली गोळी दारूवरून पुढे सरकू शकते. दारू आणि गोळीमध्ये पोकळी राहिली की नळी फुगते किंवा फुटते. गजावर भरलेल्या नळीच्या खोलीची खूण करून ठेवावी आणि पहिली गोळी झाडल्यावर, टोपी काढून, दुसऱ्या नळीत गज घालून खूण जुळते का ते पाहावे. जुळणीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मापाची अशी तपासणी करून मगच जोडीने झाडायला घ्यावे. घट्ट चिंधीतली गोल गोळी सहसा जागा सोडत नाही. सैल बसणारी लांबट गोळी सोडते, आणि जड असल्याने धक्काही वाढवते. ठासणीच्या दुनळीत गोल गोळीला पसंती देण्याचे हे सर्वांत भक्कम कारण आहे. तीच खूण नळीत चुकून दोनदा दारू गेली असेल तर तेही दाखवते, कारण तेव्हा गज खुणेच्या वर राहतो.

जुळलेला बार नोंदवताना दारूची जात व दाणा, माप, गोळीचा व्यास व वजन, चिंधीचे कापड व जाडी, वंगण, टोपी आणि अंतर हे सर्व लिहावे. दोन्ही निपल (टोपी बसवायच्या पोकळ खुंट्या) एकदमच बदलावेत, एक झिजलेला आणि एक नवा असला तर पेटण्याचा वेळ बदलतो. दारूचा नवा डबा उघडला की दोन-तीन जोड्या झाडून मेळ पुन्हा पाहून घेतात.