मोटारीसाठी बदललेलं पेट्रोल आणि गवत कापायचं इंजिन

गवत कापायचं यंत्र, ब्रशकटर, चेनसॉ यांच्यासाठी वेगळं पेट्रोल फार उशिरा निघालं. तोवर मोटारीसाठी जे बनलं तेच या इंजिनांनी पचवलं. कुठलं पेट्रोल टाकायचं हा आजचा घोळ तिथूनच सुरू होतो.

१९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगामुळे नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक, थांबतं हे सापडलं. १९२३ पासून शिसंयुक्त पेट्रोल विकायला आलं. एक जोडफायदाही झाला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) जिथे टेकतो त्या सीटवर शिशाच्या क्षारांचा पातळ थर बसे आणि सीट झिजत नसे. शिसं विषारी, शिवाय मोटारीचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करणारं, म्हणून १९७० च्या दशकापासून ते मागे पडत गेलं. २०२१ मध्ये अल्जेरियात त्याची विक्री थांबली, तो शेवटचा देश. मऊ सीटच्या जुन्या फोर-स्ट्रोक (ऑइल वेगळं भरायच्या) इंजिनांना याचा फटका बसू शकतो. नेहमीच्या टू-स्ट्रोकला (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनाला) असे व्हॉल्व्हच नसतात, त्यामुळे प्रश्न नाही.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही याचा आकडा. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद, हा समज मात्र उरला. साध्या फोर-स्ट्रोक मोअरचा (गवत कापायच्या यंत्राचा) कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे इंजिन मिश्रण किती पट दाबतं ते, ८ च्या आसपास असतो. त्याला ९१ ऑक्टेन पुरतं. महाग पेट्रोलचे पैसे वाया.

खरी पंचाईत पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलने (अल्कोहोलने) केली. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. मोटारीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. छोट्या कार्बोरेटरचं जेट (इंधन सोडणारं भोक) ठरलेल्या मापाचं, म्हणून मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं, आणि इंजिन तापतं. बहुतेक उत्पादक १० टक्क्यांवर थांबा म्हणतात ते यासाठी. अमेरिकेने २०१०-११ मध्ये नव्या मोटारींना १५ टक्के मान्य केलं, तेव्हा या यंत्रांना ते वर्ज्यच ठेवलं.

त्याहून वाईट पाणी. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साध्या तापमानाला लिटरमागे जेमतेम ५ मिली पाणी धरतं. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाशी लोळत असतो. इंजिन तळाचं ऑइल नसलेलं मिश्रण ओढतं, पिस्टन जाम होतो. शंका असेल तर काचेच्या १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी नि ९० मिली पेट्रोल घ्या, झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० च्या खुणेवरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या जवळ गेला तर सुमारे १० टक्के आहे.

टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाणही बदलत आलं. जुन्या साध्या ऑइलच्या काळात १६:१, म्हणजे लिटरला ६२ मिली. पुढे २५:१, ४० मिली. आताच्या चांगल्या टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलला ५०:१, २० मिली. यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच धरा.

टू-स्ट्रोक इंजिन बरंचसं इंधन न जळताच बाहेर टाकतं आणि ते चेनसॉवाल्याच्या नाकात जातं. यावर तोडगा म्हणून १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये अल्किलेट पेट्रोल, म्हणजे अशा यंत्रांसाठीचं जास्त शुद्ध पेट्रोल, आलं. त्यात इथेनॉल नाही, बेंझिन जवळपास नाही, आणि बंद डब्यात ते वर्षानुवर्षं टिकतं. साधं पेट्रोल महिन्याभरात शिळं व्हायला लागतं आणि पुढे जेटमध्ये डिंकासारखं साचतं. जुन्या यंत्रात अल्किलेट पहिल्यांदा भरल्यावर आठवडाभर पाइप आणि सील तपासत राहा: साध्या पेट्रोलने फुगलेलं रबर यात आकसतं आणि गळायला लागतं.