विज्ञानातील संशय आणि जनसामान्यांची विज्ञानविषयक समज

विज्ञानातील संशय : एखादे मापन, विधान किंवा सिद्धांत यांवर किती विसंबावे हे पुराव्यावरून ठरवण्याची आणि ठरवल्यानंतरही नव्या पुराव्यासाठी तो निर्णय खुला ठेवण्याची वैज्ञानिकांची रीत. आपला संशय नेमका कशावर आहे, किती आहे आणि कोणत्या निरीक्षणाने तो फिटेल, हे संशय घेणाऱ्याला सांगता यावे लागते. ही अट पाळली न गेल्यास उरतो तो निव्वळ अविश्वास, आणि त्याने संशोधनाचे पाऊल पुढे पडत नाही. जनसामान्यांपर्यंत मात्र विज्ञान बहुधा दोनच रूपांत पोहोचते : संशय गाळून टाकलेला निष्कर्ष किंवा प्रमाण न सांगितलेला संशय. या विषयातील बहुतेक सार्वजनिक गोंधळाचे मूळ येथे आहे.

अधिकारी पुरुषाचे वचनही तपासून घ्यावे, हा आग्रह जुना आहे. अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथम (सु. ९६५–१०४०) यांनी प्राचीन ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमी यांच्या ग्रंथांतील विसंगती दाखवण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी १६३७ मध्ये पद्धतशीर संशयाला ज्ञानाच्या पायाभरणीचे साधन मानले. १६६० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने ‘कोणाच्याही शब्दावर विसंबू नये’ अशा आशयाचे लॅटिन ब्रीद स्वीकारले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४२ मध्ये संघटित संशय हे वैज्ञानिक समुदायाच्या आचारनियमांपैकी एक असल्याचे मांडले. त्यातील ‘संघटित’ हे विशेषण महत्त्वाचे आहे, कारण वैज्ञानिक व्यक्ती म्हणून इतरांइतकाच आपल्या मताला चिकटून राहतो. त्याच्या मतावर संशय घेण्याचे काम समपरीक्षण (त्याच विषयातील इतर तज्ज्ञांनी केलेली तपासणी), प्रयोगांची पुनरावृत्ती आणि प्रतिस्पर्धी गट यांच्याकडून होते.

संशय नेमका कोठे घ्यावा, याचा नियम मात्र आधी सांगता येत नाही. युरेनस हा ग्रह न्यूटनच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांतानुसार काढलेल्या मार्गापासून ढळतो, असे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसून आले. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ उर्बें लव्हेऱ्ये यांनी सिद्धांतावर संशय न घेता ज्ञात ग्रहांच्या यादीवर घेतला आणि अज्ञात ग्रहाचे स्थान गणिताने काढले. १८४६ मध्ये बर्लिन येथील वेधशाळेत त्या स्थानापासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. बुधाचा उपसूर्य बिंदूही (कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू) अपेक्षेपेक्षा अधिक सरकतो, हे त्यांनीच १८५९ मध्ये दाखवले. हा फरक आधुनिक मापनानुसार शतकाला सु. ४३ विकला (१ विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एवढाच आहे. त्याचेही कारण न दिसलेल्या वस्तुमानात असावे, असे त्यांनी मानले. सूर्याजवळच्या या कल्पित ग्रहाला ‘व्हल्कन’ हे नावही देण्यात आले आणि अनेक वर्षे त्याचा शोध चालला. तो सापडला नाही, कारण या वेळी अपुरा होता तो सिद्धांतच. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून ४३ विकलांचा हिशेब लागला. माणूस तोच, युक्तिवाद तोच, आणि निकाल मात्र उलट. सिद्धांताची खंडनीयता, म्हणजे निरीक्षणाने तो खोटा ठरवता येण्याजोगा असणे, हे विज्ञानाचे लक्षण असल्याचे प्रतिपादन तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये केले. मात्र एखाद्या विपरीत निरीक्षणाने सिद्धांत खोटा ठरला की त्यासोबतचे एखादे गृहीतक, हे ते निरीक्षण स्वतः सांगत नाही.

संशयाला आकडा देता येणे ही आधुनिक विज्ञानाची मोठी कमाई होय. तथापि तो आकडा जेवढ्यावर संशय घेतला तेवढ्यापुरताच खरा असतो. भौतिकीविज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६२ मध्ये पृथ्वी थंड होत जाण्याच्या, म्हणजे उष्णतावहनाच्या, गणितावरून पृथ्वीचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षे या मर्यादांत असावे, असे म्हटले. पुढे त्यांनी वरची मर्यादा ४ कोटींपर्यंत खाली आणली. उत्तर असे अधिकाधिक रेखीव होत गेले आणि सत्यापासून दूरच राहिले. अभियंते जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये संशय घेतला तो गणितावर नव्हे, तर पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णता सर्वत्र सारख्याच मंद गतीने वाहते या गृहीतकावर. ते सोडल्यास वय अनेक पटींनी वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये शिशाच्या समस्थानिकांवरून सु. ४५५ कोटी वर्षे हे वय निश्चित केले. केल्व्हिन यांचा पाडाव केवळ किरणोत्सर्गाच्या शोधामुळे झाला, असे सांगण्याचा प्रघात आहे. पेरी यांचा आक्षेप त्या शोधापूर्वीचा आहे, हे त्यात निसटते.

सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगातील संशोधकांनी, जिनीव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतून इटलीतील ग्रान सास्सो येथे सु. ७३० किमी. प्रवास करून आलेले न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म मूलकण प्रकाशाच्या तुलनेत सु. ६० अब्जांश सेकंद लवकर पोहोचतात, असे मापन जाहीर केले. स्वतःला त्रुटी सापडत नसल्याने इतरांनी ती शोधावी, असे त्यांचे आवाहन होते. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही, असे आइन्स्टाइन यांचा सिद्धांत सांगतो; म्हणून अनेक बातम्यांत ते ‘आइन्स्टाइन चुकले’ असे उमटले. पुढील वर्षी नीट न बसलेल्या प्रकाशतंतूच्या जोडणीत मुख्य दोष आढळला आणि दावा मागे पडला. एक मोठी चूक म्हणून या घटनेची आठवण काढली जाते, ते पूर्णतः न्याय्य नाही, कारण त्रुटी शोधण्याचे आवाहन संशोधकांनी स्वतःच केले होते.

संशयाचा कृत्रिम पुरवठाही करता येतो. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० च्या सुमारास साथरोगशास्त्रीय अभ्यासांतून पुढे आला आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सार्वजनिक आरोग्यविषयक सर्वोच्च वैद्यकीय अधिकाऱ्याच्या) अहवालाने तो अधिकृतपणे मान्य केला. १९६९ मधील एका सिगारेट उद्योगाच्या अंतर्गत टिपणात ‘संशय हे आमचे उत्पादन आहे’ असे स्पष्ट लिहिलेले होते. ‘अजून संशोधन हवे’ हे वाक्य येथे शब्दशः खोटे नव्हते. फक्त कोणते संशोधन पुरेसे मानले जाईल, हे कधीच सांगितले गेले नाही. संशयामागील हेतूचा तर्क करण्यापेक्षा ही कसोटी लावणे सोपे आणि अधिक निर्णायक आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण इटलीतील लाक्विला येथील आहे. लहान भूकंपांच्या मालिकेनंतर मार्च २००९ च्या अखेरीस तेथे तज्ज्ञांची बैठक झाली आणि त्याच सुमारास नागरी संरक्षण विभागाच्या अधिकाऱ्याने धोका नसल्याचा दिलासा दिला. ६ एप्रिलच्या भूकंपात ३०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ व तो अधिकारी यांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली, तरी दोष कायम राहिला. भूकंपाचे भाकीत करता न येणे हा कोणाचाच अपराध नव्हता. भाकीत करता येत नाही, हीच गोष्ट लोकांपर्यंत पोहोचली नाही.

जनतेच्या विज्ञानविषयक समजेचा विचार दीर्घकाळ ‘उणिवेच्या प्रतिमाना’नुसार होत असे : लोकांना माहिती कमी आहे, ती पुरवली की विश्वास आपोआप वाढेल. रॉयल सोसायटीच्या १९८५ च्या अहवालानंतर ब्रिटनमध्ये या दिशेने मोठे प्रयत्न झाले; २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने विश्वासाचे संकट मान्य करून संवादावर भर दिला. सूत्रे व व्याख्या पाठ असलेल्या व्यक्तीलाही एखादा निष्कर्ष कितपत पक्का आहे, हे ओळखता येतेच असे नाही. शालेय पाठ्यपुस्तके निष्कर्ष देतात, तो पक्का कसा झाला हे क्वचितच सांगतात.

संशयाची मात्रा कळवण्याचे काही ठोस प्रयत्न झाले आहेत. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) अहवालांत ‘संभाव्य’ (लाइकली) म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘अत्यंत संभाव्य’ (व्हेरी लाइकली) म्हणजे किमान ९० टक्के संभाव्यता, असे शब्दांचे अर्थ बांधून दिलेले असतात. अनिश्चितता कबूल केल्यास लोकांचा विश्वास उडेल, ही संस्थांची नेहमीची धास्ती असते. केंब्रिज येथील संशोधकांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ती बरीचशी निराधार ठरली : आकड्यासोबत त्याच्या वरच्या व खालच्या मर्यादा दिल्यास विश्वास अगदी थोडा घटला; मोघम शब्दांत ‘आकडा कमीजास्त असू शकतो’ असे सांगितल्यास मात्र घट अधिक होती.